सुट्ट्यांची यादी, २५६७

पलासियाच्या आमच्या ऑफिसात कॅलेंडर चोनबुरीहून येतं,
रबरी हातमोज्यांच्या खोक्यात, गुंडाळी करून.
तिकडचं घड्याळ दीड तास पुढे,
साल पाचशे त्रेचाळीस वर्षं.
लाल आकडा आला की आमचं शटर बंद.
बाकी इंदूर चालू.

रंगपंचमीला राजवाड्यावर गेर निघाली,
रंग तिसऱ्या मजल्यापर्यंत उडाला म्हणतात.
मी मार्चचा स्टॉक जुळवत होते.
संध्याकाळी भाऊ आला, धुतलेला,
फक्त कानामागे हिरवा राहिलेला.

दोन आठवड्यांनी मला चार दिवस: सोंगक्रान.
तिकडे रस्तोरस्ती बादल्या, पिचकाऱ्या,
आणि घरात म्हाताऱ्यांच्या ओंजळीवर
सुगंधी पाणी, हळूच.
इकडे एक्केचाळीस डिग्री, मी कोरडी ठाक,
छप्पन दुकानवर एकटीच शिकंजी पीत.
सगळं शहर कामात असताना मोकळं असणं
म्हणजे नोकरी गेल्यासारखंच.

चौदा एप्रिल मात्र दोन्हीकडचा निघाला.
महूच्या गाड्या निळ्या झेंड्यांनी भरलेल्या,
आणि आमचे वॉचमन गजभिये पांढऱ्या कपड्यांत,
पटकन ओळखू न आलेले.
मे महिन्यात तेच कॅलेंडरापाशी थांबले:
"मॅडम, बुद्धपौर्णिमा उद्या आहे. यांची आज कशी?"
"यांचा चंद्र एक दिवस आधी भरतो."
"मग मी दोन्ही घेऊ?"
नोकला फोन केला. ती खूप हसली.
दोन्ही दिल्या.

नोक म्हणजे पक्षी. खरं नाव सुफापोर्न,
पण तिकडे प्रत्येकाला एक छोटं नाव असतं, रोज वापरायचं.
मी सांगितलं, आमच्याकडे पेन्सिलीला असते नोक.
पुण्याचे पाहुणे टोक म्हणतात. म्हणू देत.

बारा ऑगस्टला राजमातेचा वाढदिवस,
म्हणून सगळ्यांच्याच आयांचा.
मुलं जाईची फुलं घेऊन आईच्या पाया पडतात.
मी एम.जी. रोडवरून गजरा नेला.
आई म्हणाली, "काय गं, कोणी बघायला येतंय का?"

लक्ष्मीपूजनाला मी एका कंटेनरचं बिल दुरुस्त करत होते.
"हा आवाज कसला?" नोकनं विचारलं.
फटाक्यांची माळ इंग्रजीत सांगताना
चुकून फुलांची सांगितली.
तिला आवडलं ते. मी दुरुस्त केलं नाही.

मग नोव्हेंबरात ती म्हणाली, आज लॉय क्राथोंग.
कॅलेंडरात आकडा काळाच.
इतका लाडका सण, आणि सुट्टी नाही?
"रात्रीचा असतो ना," म्हणाली, "सुट्टी कशाला?"
केळीच्या खोडाची चकती, पानांच्या घड्या,
मेणबत्ती, उदबत्ती, एक नाणं,
नखाचा तुकडा, चार केस,
वर्षभरातलं जे नको ते.
सोडताना पाण्याची माफी मागायची.
वापरलं, मळवलं, म्हणून.
"कुणाची?"
"मे खोंगखाची."
तीनदा म्हणवून घेतलं तेव्हा कळलं, गंगा.
एवढ्या लांब नांदायला गेलेली,
माहेरचं नाव बोलून बोलून झिजलेलं.

त्रिपुरी पौर्णिमेला पणती मी दरवर्षी लावते.
काहीबाही मागते.
माफी कधी मागितली नव्हती.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी पायऱ्या उतरले.
खान नदी. पाटीवर आता कान्ह. वास तोच.
केळीचं खोड मिळालं नाही, पाव नेला होता.
पावही चालतो, नोक म्हणाली होती, मासे खातात.
इथे मासे आहेत का, ते मी तिला सांगितलं नाही.
नख तिथेच कापलं, ब्लेडनं, वेडंवाकडं.
म्हणाले, "चुकलं."
कुणी ऐकलं नाही ना, ते वळून पाहिलं.

नोकचा फोटो आला: काळं पाणी, दूर एक ठिपका.
तिचा गेला.
माझा दोन हातांवर जलपर्णीत अडकलेला,
दिवा मात्र जळतोय.
सकाळी साडेआठला हजर व्हायचं आहे,
तिकडे तेव्हा दहा वाजलेले असतील.
तरी तो विझेपर्यंत
निघता येईना.